चौपेडी केबल

खिळेकाकांचा उभा जन्म खिळे पाडणाऱ्या यंत्रांपुढे गेला. तारेचं भेंडोळं एका बाजूने आत जायचं आणि दुसऱ्या बाजूने खिळे टोपलीत पडत राहायचे. त्या खणखणाटात शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालून ओरडावं लागे, नाहीतर ओठांवरून शब्द ओळखावे लागत. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने त्यांना निरोपाचं घड्याळ दिलं आणि त्यांचे कान ठेवून घेतले. घड्याळाला गजर होता. तो काकांनी एकदाही ऐकला नाही. गजर काकू ऐकत आणि खांदा हलवून त्यांना उठवत.

अगदी ठार बहिरे नव्हते ते. दार आपटलं, पातेलं पडलं, समोर बसून कुणी स्वच्छ बोललं, तर कळे. बारीक आवाज तेवढे गेले होते. दाराची बेल गेली, पाखरं गेली, आणि फोनमधलं बोलणं गेलं. फोन कानाला लावला की पलीकडचं माणूस तोंडात घास घेऊन बोलतंय असं वाटे. मग ते फोन काकूंच्या हातात देत. "तूच बोल. मला नंतर सांग."

एकुलती एक लेक लग्न होऊन लांबच्या शहरात गेली होती. तिच्या नोकरीच्या वेळा अशा, की ती मोकळी असे तेव्हा ही दोघं झोपलेली असत. म्हणून ती फोनवर बोलणं भरून पाठवी आणि काकू सवडीने ऐकत. "लिहून पाठवत जाऊ का?" असं तिने एकदा विचारलं होतं. काकूंनी झटकून टाकलं. "अक्षरं काय करायचीत मला? आवाज पाठव."

तो आवाज ऐकायला काकूंना लेकीचाच हेडफोन हवा होता. कपाटात राहून गेलेला, कानाच्या गाद्या झिजलेला. त्याची केबल मधोमध तुटली होती. काका तो घेऊन दुकानात गेले तर दुकानदार हसला.

"काका, हा आता शोभेला ठेवा. याची केबल जगात कुठे मिळायची नाही."

"जगात नसेल मिळत," काका म्हणाले, "घरात करू."

आणि केलीच. आयुष्यभर तार बघितलेला माणूस तो, पण ही तार निराळी होती. केसांहून बारीक तांब्याचे तंतू आणि प्रत्येक तंतूला लाखेसारख्या रंगाचा मुलामा. तो मुलामा सोल्डरिंग आयर्नच्या टोकाने आधी जाळावा लागतो. घाई करून तसंच डकवलं तर सोल्डर वरवर बसतो, अळवावरच्या पाण्यासारखा. बाहेरून सांधा चांदीच्या मण्यासारखा लखलखतो आणि आतून मुका असतो. पहिल्या चार केबली अशाच मुक्या निघाल्या. पाचवीतून लेकीचा आवाज आला आणि काकू हेडफोन डोक्यावर ठेवून हसल्या, तेव्हा काकांना निरोपाच्या समारंभात वाटलं नव्हतं तेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं.

केबल दोघांची असे. डकवणं काकांचं, विणणं काकूंचं. एकेका कानाच्या दोन अशा चार तारा, त्यांची चौपेडी वेणी घालायची. लेकीच्या केसांवर बसलेला हात होता काकूंचा. वेणी अशी घट्ट आणि एकसारखी पडे, की हातात घेणारा आधी तिच्यावरून बोट फिरवी. चारही तारांना काळंच वेष्टण हवं, हा हट्टही काकूंचा. "रंगीबेरंगी वेणी बरी दिसते का? सर्कशीतल्या घोड्याची वाटते."

चारही काळ्या, म्हणजे विणल्यावर कुठली तार कुठली हे ओळखता येत नाही. त्यासाठी मीटर होता. त्याची एक सुई केबलच्या या टोकाला लावायची आणि दुसरी त्या टोकाच्या एकेका तारेला. जिथे जोड मिळेल तिथे मीटर बारीक शिट्टी देतो. मीटर एकदा टेबलावरून पडून त्याची काच काळी पडली, तेव्हापासून आकडा दिसत नसे. शिट्टी शाबूत होती. पण ती नेमकी काकांना ऐकू न येणाऱ्या आवाजांतली. मग काका दोन्ही हातांत सुया धरून बसत आणि समोर काकू.

"वाजलं का?"

"नाही."

"आता?"

"वाजलं."

दुपारभर त्या टेबलापाशी एवढाच संवाद चाले. गल्लीच्या टोकाला राहणारे गिटारचे मास्तर एकदा हे बघून म्हणाले, "काका, नवा मीटर घ्या की. नाहीतर त्याला छोटा दिवा जोडून टाका. जोड मिळाला की पेटेल. काकूंना कशाला बसवून ठेवता?"

"दिवा बोलत नाही हो, मास्तर," काका म्हणाले.

काकू लाजून आत गेल्या होत्या.

मास्तर हे त्यांचे पहिले गिऱ्हाईक. त्यांनी चारचौघांत केबल दाखवली आणि मग गाण्याच्या नादी लागलेली माणसं आपापले मोडके हेडफोन घेऊन जिना चढू लागली. कुणाला लांब केबल हवी, कुणाला आखूड, कुणाला वाकड्या पिनेची. काकांचे दिवस भरले. संध्याकाळी काकू हेडफोन लावून लेकीचं बोलणं ऐकत आणि काढला की सांगत. "म्हणते, तिकडे थंडी पडलीय. म्हणते, ऑफिसात नवी साहेबीण आलीय, फार खडूस आहे." काका ऐकून मान हलवत. एकदा काकू म्हणाल्या, "म्हणते, घराला नवे पडदे घेतलेत." काकांना का कोण जाणे, फार बरं वाटलं. नवे पडदे घेणारं माणूस घरात रमलेलं असतं. ते म्हणाले, "रंग कुठला, विचार तिला."

मग केबली परत येऊ लागल्या.

पहिली मास्तरांचीच आली. "काका, माझा गायक कायम उजव्या कानात असायचा, तुमच्या केबलने तो डावीकडे गेला. पक्ष बदलला की काय त्याने?"

काका हसले. तारांची अदलाबदल झाली होती, एवढंच. त्यांनी नीट करून दिली. पुढच्या आठवड्यात एक बाई आल्या. त्यांच्या हेडफोनचा एक कान बंद. मग आणखी एक. मग पुन्हा मास्तर, या वेळी जरा ओशाळून. "हा कान संपावर गेलाय, काका. घाई नाही हं. सावकाश बघा."

काकांनी सांधे उकलून बघितले. मुलामा नीट जळला नव्हता. मुके सांधे. पण प्रत्येक सांधा मीटरवर तपासला होता, प्रत्येकाला काकू "वाजलं" म्हणाल्या होत्या. म्हणजे तपासताना बरा असणारा सांधा नंतर सुटत होता. म्हणजे हातच कच्चे पडत होते. काकांनी हात खिडकीपाशी उजेडात धरले. थोडे थरथरले. याआधी थरथरत होते का, ते त्यांना आठवेना.

"माझे हात गेले गं," ते जेवताना म्हणाले.

काकू ताटाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "डोळ्यांचा नंबर वाढला असेल. तपासून घ्या."

काकांनी चष्मा बदलला. नव्या चष्म्यातून केलेली केबलही परत आली. तेव्हा त्यांनी ठरवलं, मास्तरांची तेवढी करून द्यायची आणि सोल्डरिंग आयर्न माळ्यावर टाकायचं. चहाच्या वेळी त्यांनी तसं सांगितलं. काकूंचा चेहरा पडला. उठून कप विसळायला गेल्या आणि विसळलेलाच कप पुन्हा विसळत राहिल्या.

मास्तरांच्या केबलीवर काकांनी जीव ओतला. एकेक तंतू मोकळा करून जाळला. मग दोघं नेहमीसारखी समोरासमोर बसली. काकांनी एक सुई पिनेला टेकवली, दुसरी उचलली, आणि त्यांना शिंक आली. शिंकेने सुई बाजूला गेली, हवेत राहिली. शिंकून मोकळं झालेल्या माणसाचा चेहरा कसा क्षणभर समाधानी होतो, तसा काकांचा झाला.

"वाजलं," काकू म्हणाल्या.

काकांनी सुईकडे बघितलं. ती कशालाच टेकलेली नव्हती. त्यांना वाटलं, काकू गंमत करतायत. त्यांनी पुन्हा सुई हवेतच धरली आणि मुद्दाम भुवया उंचावून हसले.

"वाजलं," काकू म्हणाल्या.

काकांनी सुया खाली ठेवल्या. ते उठून काकूंच्या मागे जाऊन उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अगं." काकू टेबलाकडे बघत बसून होत्या. ते पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. काकूंनी हलकेच तारेचं एक टोक सरळ केलं.

काका पुढे आले. त्यांचा चेहरा दिसताच काकूंना सगळं कळलं. चेहरे वाचण्यात त्यांचा हात धरणारं आता कुणी नव्हतं.

"कधीपासून?" काकांनी विचारलं.

"आधी एकच गेला होता. मग दुसराही जायला लागला. शिट्टी तर केव्हाच बंद झाली."

"मग तू वाजलं कसं म्हणायचीस?"

"तुमच्याकडे बघून. मनासारखं झालं की तुमच्या भुवया वर जातात. सांधा बिघडलाय असं वाटलं की आठी पडते." त्या पदराला हात पुसत राहिल्या, हात कोरडे होते तरी. "निम्म्या वेळा बरोबर यायचं."

काकांना हसावं की काय करावं कळेना. इतके दिवस ते तिच्या तोंडाकडे बघून ठरवत होते आणि ती त्यांच्या.

"चष्मा बदलायला लावलास मला. हात गेले म्हणत होतो मी, तेव्हाही बोलली नाहीस."

"काय बोलू? तुमचे कान गेलेले. माझेही गेले म्हटलं असतं, तर या घरात ऐकणारं माणूस कोण राहिलं असतं?"

काकांना राग आला होता आणि तो कुठे ठेवावा ते समजत नव्हतं. मग एकाएकी त्यांना फोन आठवला.

"आणि पोरीचं बोलणं?"

काकूंनी सुया उचलून जवळजवळ ठेवल्या.

"पोरीचं बोलणं ऐकून सांगायचीस ना तू मला?"

"आधी ऐकायचे. मग नुसता चढउतार कळायचा. मग..." काकूंनी मान खाली घातली. "कानाला लावलं की ती जवळ आल्यासारखी वाटते हो. गाद्या गरम होतात. एवढं बोलते म्हणजे खुशालच असणार, असं वाटायचं. तुम्हाला काहीतरी सांगायला हवं ना."

"पडदे?"

"या दिवसांत माणसं पडदे घेतात," काकू म्हणाल्या.

काकांनी लेकीचा हेडफोन घेतला, पहिली केबल अजून त्यालाच होती. फोनला जोडला आणि आतल्या खोलीत जाऊन बसले. आवाज होता तेवढा चढवला. पहिल्यांदा नुसता गोंगाट आला. त्यांनी जुन्यापासून एकेक बोलणं पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. यंत्रांच्या खणखणाटात ओठांवरून शब्द ओळखायची सवय होती. इथे ओठ नव्हते. तरी हळूहळू एक शब्द सुटला, त्याच्या शेजारचा सुटला. दुपार त्यातच गेली.

थंडी खरी होती. खडूस साहेबीणही खरी होती. त्यानंतरचं सगळं निराळं होतं.

लेक म्हणत होती, "आई, मी तिकडे येऊ का? दोन-चार दिवस नाही म्हणत मी. कायमचीच. हे घर आता मला नाही झेपत. सगळं फोनवर नाही सांगता येत. बाबांना विचार आणि सांग. तू हो म्हणालीस की निघते."

त्याखाली काकूंनी भरून पाठवलेलं उत्तर होतं. काकूंचा आवाज काकांना ओळखू आला, फक्त थोडा मोठा, दुसऱ्या खोलीतल्या माणसाशी बोलावं तसा. "बरं वाटलं गं तुझा आवाज ऐकून. अशीच सुखात राहा हं. घर सांभाळ."

मग लेक. आधी बराच वेळ काहीच नाही, आणि मग, "आई, तू नीट ऐकलंस ना मी काय म्हणाले?"

"हो हो, ऐकलं सगळं. बाबांनाही सांगितलं. बाबांना फार आनंद झाला. पडद्यांचा रंग कुठला, विचारतायत."

"कुठले पडदे?" लेक म्हणाली होती. एवढंच. पुढची तिची बोलणी आखूड होती. बरी आहे. कामात आहे. तब्येत जपा.

काकांनी हेडफोन काढला नाही. तसाच कानांवर ठेवून, फोन तोंडाशी धरून त्यांनी लेकीला फोन लावला. तिने लगेच उचलला.

"बाबा? तुम्ही कसा केलात फोन? आई बरी आहे ना?"

"आई बरी आहे. सावकाश बोल. सुटं सुटं बोल." काकांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. ते ओरडत असावेत. "तिला ऐकू येत नाही गं. काहीच येत नाही. आम्हाला कळलंच नाही तू काय म्हणालीस. मला आज कळलं. आत्ता."

पलीकडे शांतता झाली. केबल सुटली की काय म्हणून काकांनी पिन चाचपली.

"ऐकतेयस ना?"

"ऐकतेय," लेक म्हणाली. "मला वाटलं, तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत. आणि माझा अपमान नको म्हणून आई ते पडद्यांचं मधे आणतेय."

"कसले पडदे, अगं, तसले पडदे नव्हतेच! तू ये. आजच नीघ. मी स्टेशनवर येतो."

"आता नाही हो, बाबा."

"का नाही?"

"तेव्हा बॅग भरून दाराशी ठेवली होती मी. आईचं उत्तर आलं आणि बॅग परत आत नेली. इथे सासरच्या सगळ्यांनी बघितली ती नेताना. कुणी काही बोललं नाही. पण तेव्हापासून त्यांना माहीत आहे, की हिला दुसरीकडे जागा नाही."

"आहे! जागा आहे!"

"कळलं हो. आता कळलं." तिचा आवाज बारीक होत गेला, काकांच्या हातून निसटू लागला. त्यांनी दोन्ही हातांनी गाद्या कानांवर दाबून धरल्या. "... पुन्हा तेवढं बळ आणायला वेळ लागेल, बाबा. आईला सांगू नका. तिला सांगा मी... " आणि पुढचं त्यांना ऐकू आलं नाही. त्यांनी, "काय म्हणालीस? परत म्हण," असं विचारलं. तिने परत म्हटलं. परत ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा विचारायचं धैर्य झालं नाही त्यांना. "बरं, बरं," ते म्हणाले, आणि तोंडातून शब्द गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपणही अंदाजानेच हो म्हटलं.

बाहेर काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. मांडीवर नवी वेणी अर्धी घातलेली. त्यांनी मान वर केली.

"लागला का फोन?"

काका खुर्ची ओढून त्यांच्या अगदी समोर बसले. ओठ नीट दिसावेत म्हणून तोंड उजेडाकडे केलं. आतून बाहेर येईपर्यंत त्यांनी चेहरा तयार केला होता. त्यांनी भुवया वर नेल्या आणि हसले.

"बरी आहे म्हणते."

"आणि?"

"सवड झाली की येईन म्हणते. तिकडे सगळं छान आहे."

काकू बघत राहिल्या. ओठांकडे नव्हत्या बघत, भुवयांकडेही नव्हत्या. त्या त्यांच्या संपूर्ण चेहऱ्याकडे बघत होत्या, जसं टेबलापाशी बसून कितीतरी दुपारी बघितलं होतं. काका हसतच राहिले. गाल दुखू लागले.

"नाही वाजलं," काकू म्हणाल्या.

काकांचं हसू हळूहळू उतरलं. काकूंनी मांडीवरच्या वेणीकडे नजर वळवली आणि चार काळ्या तारा, एकेक पेड करून, त्या उलगडू लागल्या.